घन सिरॅमिकचे भाग स्लरीतून ओतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतल्या आमच्या लहानशा शेडमध्ये अॅल्युमिनाच्या (म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशी आणि थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारांच्या, बंद तोंडाच्या नळ्या ओतल्या जातात. जानेवारी उजाडला की इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्टसाठी फोन सुरू होतात, बाकी वर्षभर कारखानदारांचे. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. सगळे आकडे अॅल्युमिनाचे आहेत. दुसरी पावडर असेल तर आधी प्रश्न १९ वाचा.

१. कास्टिंग म्हणजे फाउंड्रीसारखं वितळवून ओतायचं ना? मग भट्टी शेवटी कशी?

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला कास्टिंग म्हटलं की लाल रस आणि वाळूचा साचा दिसतो, त्यात त्याची चूक नाही. इथे मात्र काहीच वितळत नाही. अॅल्युमिना वितळायला सुमारे २०५० अंश लागतात, त्या वाटेला आपण जात नाही. बारीक पावडर पाण्यात कालवून दाट पण वाहती स्लरी करायची आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी पितं, आणि पाण्याबरोबर साच्याच्या भिंतीकडे ओढले गेलेले कण तिथे थर धरून बसतात. हवी तेवढी जाडी झाली की उरलेली स्लरी उलटी करून काढून घ्यायची. भाग सुकवायचा आणि सुमारे १६०० अंशांवर भाजायचा. त्या तापमानाला कण न वितळताच एकमेकांत मिसळतात, मधल्या पोकळ्या मिटतात आणि भाग आकसून घन होतो. यालाच सिंटरिंग म्हणतात.

थानगढ-मोरबीकडे वॉशबेसिन आणि कमोड याच तत्त्वावर ओततात. पण त्या मिश्रणात चिकणमाती असते. माती ओल्या भागाला लवचीकपणा देते, भट्टीत काच होऊन भोकं भरते, करणाऱ्याच्या बऱ्याच चुका पोटात घालते. अॅल्युमिना काहीही पोटात घालत नाही.

२. प्रेस मारणं झटपट होतं. मग ओतायच्या फंदात का पडायचं?

प्रेस करता येत असेल तर प्रेसच करा. पंपाच्या सीलची रिंग, चकती, ठोकळा, म्हणजे वरून खाली सारखाच छेद असलेलं काहीही, डायमध्ये दाबलेलं बरं. दिवसाला पाचशे नग लागत असतील तर ओतकामाचा विचारही करू नका.

ओतकाम उपयोगी पडतं ते पोकळ, पातळ भिंतीच्या, गोलाईच्या भागांना: मूस, बंद तोंडाची नळी, नरसाळं, पोटात फुगीर असलेलं भांडं. प्लास्टरचा साचा काही शे रुपयांत होतो, डाय काही हजारांत. दहा नगांसाठी डाय करणाऱ्याला मी नेहमी विचारतो की अकरावा नग लागणार आहे का.

३. कुठली अॅल्युमिना घ्यायची? रिफ्रॅक्टरीवाल्याकडे फार स्वस्त मिळते.

ती स्वस्त असते कारण ती भरड असते. कण दहा-वीस मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे असतील तर १६०० अंशांवर भाग कडक होईल, घन होणार नाही. आपल्याला लागते ती ‘रिअॅक्टिव्ह’ नावाने विकली जाणारी, सरासरी कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असलेली, ९९.५ टक्क्यांपेक्षा जास्त शुद्ध अॅल्युमिना. अल्मॅटिसची ए-१६ एसजी हा जगभर मापदंड धरला जाणारा ग्रेड. आपल्या शेजारी बेळगावला हिंडाल्कोचा विशेष अॅल्युमिनाचा कारखाना आहे, त्यांच्याकडेही बारीक ग्रेड मिळतात.

बारीक कणाचा दुसरा फायदा म्हणजे तो तरंगत राहतो. पाण्यात खाली बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे दहा मायक्रॉनचा कण अर्ध्या मायक्रॉनच्या कणापेक्षा चारशे पट वेगाने तळाला जातो. भरड पावडरीची नळी ओतली की खालचं टोक जाड आणि वरचं पातळ होतं, ते याचमुळे.

पावडर विकत घेताना मॅग्नेशियम ऑक्साइड घातलंय का, तेवढं विचारा. सुमारे ०.०५ टक्का असलं की भट्टीत काही कण बेसुमार वाढून बाकीच्यांना गिळत नाहीत आणि पोकळ्या आत अडकत नाहीत. १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी हे दाखवलं. रस्त्यांवरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या आतली प्रकाश आरपार जाऊ देणारी अॅल्युमिनाची नळी त्यातूनच आली.

४. स्लरीत पाणी किती? पातळ केली तर ओतायला सोपी नाही का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

वजनाने ८० टक्के पावडर, २० टक्के पाणी. ऐकून लोक हबकतात, पण अॅल्युमिना जड आहे. तिची घनता ३.९८, त्यामुळे आकारमानात बघितलं तर पावडर आणि पाणी जवळजवळ निम्मं-निम्मं. अशा स्लरीचं एक लिटर सुमारे अडीच किलो भरतं.

आता हिशेब करा. एक किलो पावडरीत २५० ग्रॅम पाणी आहे. साच्यावर जो थर बसतो त्यात कणांनी ६० टक्के जागा व्यापली असं धरलं, तर कणांमधल्या फटींत १७० ग्रॅमच्या आसपास पाणी तसंच राहतं. म्हणजे साच्याला प्यावं लागतं फक्त ८० ग्रॅम. ‘जरा सैल’ म्हणून ६० टक्क्यांची स्लरी केली, तर एक किलो पावडरीमागे ६६७ ग्रॅम पाणी झालं आणि साच्याला ५०० ग्रॅम प्यावं लागलं. भाग तोच, पावडर तेवढीच, साच्यावरचा भार सहापट. वेळ वाढतो, साचा अर्ध्यातच दमतो, मोठे कण आधी खाली बसतात.

स्लरी दाट वाटली की हात पाण्याच्या मगकडे जातो. तो आवरा. स्लरी वाहती करायचं काम पाण्याचं नाही, पुढच्या प्रश्नातल्या थेंबांचं आहे.

५. डिफ्लोक्युलंट म्हणजे नक्की काय, आणि किती घालायचं?

बारीक कण पाण्यात एकमेकांना चिकटून पुंजके करतात आणि पुंजक्यांच्या पोटात पाणी अडकून बसतं. डिफ्लोक्युलंट कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं, अडकलेलं पाणी सुटतं आणि घट्ट चिखल दुधासारखा वाहू लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते.

कुंभारकामात यासाठी सोडियम सिलिकेट वापरतात. तांत्रिक अॅल्युमिनात ते नको, कारण त्यातलं सोडियम आणि सिलिका भागात उरतात आणि विजेचा निरोध बिघडवतात. आपण अमोनियम पॉलिमेथाक्रिलेट वापरतो, बाजारात डार्व्हन सी या नावाने मिळतं. भट्टीत ते जळून जातं, मागे काही ठेवत नाही.

मात्रा पावडरच्या वजनाच्या ०.३ ते १ टक्का या पट्ट्यात कुठेतरी असते. नक्की कुठे, ते तुमची पावडर ठरवते. पाचशे ग्रॅम स्लरी घ्या, म्हणजे त्यात चारशे ग्रॅम पावडर आली. दर वेळी ०.४ ग्रॅम द्रावण, म्हणजे पावडरीच्या ०.१ टक्का, घाला, नीट ढवळा आणि पेंटवाल्यांचा बी-फोर कप (तळाला भोक असलेला मापाचा कप) लावून तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते लिहा. सेकंद आधी झपाट्याने उतरतात, मग थांबतात, मग पुन्हा चढायला लागतात. तळ लागला की थांबायचं. जास्त घातलं म्हणजे जास्त पातळ होतं, हा गैरसमज आहे. उरलेलं जादा पॉलिमर पाण्यात मोकळं फिरतं आणि कणांना पुन्हा एकत्र ढकलतं. अशा बिघडलेल्या स्लरीत ‘अजून थोडं’ घालणारे आम्हीही होतो. एकदा चाळीस किलोची बॅच त्यात घालवली, तेव्हापासून भिंतीवर सेकंदांचा तक्ता लावला आहे.

काही जण नायट्रिक आम्ल घालून पीएच चारवर आणतात. अॅल्युमिनाच्या कणांवरचा विद्युतभार साधारण ८ ते ९ पीएचला शून्य होतो, त्यामुळे आम्लात कण छान सुटे होतात हे खरं. पण आम्ल प्लास्टर खातं. प्लास्टरचा साचा असेल तर तो मार्ग सोडा.

६. बोअरचं पाणी चालेल? टीडीएस तर फार नाही.

नाही. पुण्याच्या जमिनीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर तोच. कॅल्शियमवर दोन विद्युतभार असतात, आणि सोडियमचे कितीतरी आयन लागतील ते काम त्याचे थोडे आयन करतात: सुटे झालेले कण पुन्हा गोळा करतात. टीडीएसचं मीटर एकूण क्षार सांगतं, त्यात कॅल्शियम किती ते सांगत नाही.

धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने मऊ आहे, पण आमच्याकडे अर्धा उन्हाळा टँकर येतो आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते कोण सांगणार? डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड पाणीच घ्या. एक किलो पावडरीला पाव लिटर लागतं, त्यात काटकसर कसली करायची. घरगुती चाचणीपुरतं आरओचं चालेल.

७. गणपतीवाले वापरतात ते प्लास्टर साच्याला चालेल का?

जात तीच, प्लास्टर ऑफ पॅरिस. मूर्तिकाराला मात्र गुळगुळीत आणि लवकर घट्ट होणारं प्लास्टर हवं असतं, आपल्याला पाणी पिणारं हवं असतं. त्यांच्याकडे प्लास्टरची मूर्ती होते आणि साचा रबराचा. आपल्याकडे नेमकं उलटं. सिरॅमिक मोल्डिंगसाठी म्हणून वेगळा ग्रेड मिळतो, तोच मागा. पोत्यावरची तारीख बघा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं गुठळ्या धरतं आणि त्याचा साचा भुसभुशीत होतो.

शंभर भाग प्लास्टरला सत्तर ते ऐंशी भाग पाणी. रासायनिक क्रियेला लागतं जेमतेम साडेअठरा भाग. बाकीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी ज्या नळ्या राहतात, त्याच पुढे स्लरीतलं पाणी ओढतात. पाणी जास्त तर साचा तहानलेला पण कमजोर, कमी तर टणक पण सुस्त. अंदाजाने नाही, काट्यावर मोजा. एका साच्याचे दोन भाग वेगवेगळ्या प्रमाणात कालवले तर भागाची एक बाजू जाड होते.

प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. एक-दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न आणता ढवळा.

८. साचा सुकला हे कसं ओळखायचं? पावसाळ्यात तर सुकतच नाही.

गालाला लावून गार लागतो का ते बघायची जुनी पद्धत आहे. वाईट नाही, पण वजनकाटा जास्त खरा. ७० टक्के पाण्यात केलेला साचा ओला असताना १७ किलो असेल तर पूर्ण सुकल्यावर ११.९ किलोच्या आसपास येतो, म्हणजे तीस टक्के वजन जातं. पहिल्यांदा पूर्ण सुकला की ते वजन पेन्सिलीने साच्याच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक ओताआधी काट्यावर ठेवलं की साचा किती प्यायलेला आहे ते कळतं. तो पोटभर प्यायला तर सुक्या वजनाच्या सुमारे ४३ टक्के पाणी घेतो. आम्ही १० टक्क्यांवर गेला की बाजूला काढतो.

जून ते सप्टेंबर पंख्याने भागत नाही. ४० ते ४५ अंशांचा कप्पा करा, आत हवा खेळती ठेवा. घाई म्हणून ओव्हन ऐंशीवर नेऊ नका, कारण जिप्समच्या स्फटिकातलं पाणी सुटायला लागतं आणि साच्याची कड बोटाने खरवडली तरी पीठ पडतं. ते पीठ भागात गेलं तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये.

९. साचा किती मोठा करायचा? कुणी १५ टक्के सांगतं, कुणी १८.

दोघंही खरं सांगत असतील. आकुंचन भट्टी ठरवत नाही, ओतताना कण किती दाटीने बसले ते ठरवतं. थरात ६० टक्के जागा कणांनी भरली आणि भाजून ९८ टक्के घनता आली (म्हणजे ९८ टक्के जागा भरली), तर ०.६० भागिले ०.९८ याचं घनमूळ ०.८४९. म्हणजे १५.१ टक्के आकुंचन. तयार भाग ५० मिलिमीटर हवा तर साचा ५८.९ चा.

आता स्लरी नीट सुटी झाली नाही आणि थर ५५ टक्क्यांवरच राहिला, तर तोच हिशेब १७.५ टक्के देतो. शंभर मिलिमीटरच्या साच्यातून एकदा ८४.९ चा भाग निघतो, एकदा ८२.५ चा. गिऱ्हाईक म्हणतं तुमची भट्टी बिघडली. भट्टी ठीक असते, त्या सोमवारची स्लरी वेगळी असते.

म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊन साचा करू नका. आधी एक साधी पट्टी ओता, भाजा, मोजा आणि आपला आकडा काढा. मापात दशांश मिलिमीटरची अचूकता हवी असेल तर शेवटी हिऱ्याच्या चाकाने ग्राइंडिंग ठरलेलंच.

१०. तीन मिलिमीटर भिंत दहा मिनिटांत होते. सहा मिलिमीटरला वीस मिनिटं पुरतील ना?

चाळीस लागतील. बसलेला थरच पुढच्या पाण्याची वाट अडवतो, त्यामुळे वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. नऊ मिलिमीटरला नव्वद मिनिटं. साधारण दहाच्या पुढे प्लास्टरमधून काढण्यात अर्थ नाही. तिथे दाब द्यावा लागतो किंवा प्रश्न १७ मधला मार्ग धरावा लागतो. प्लास्टरची स्वतःची ओढ एक-दोन वातावरणाइतकी असते. सच्छिद्र प्लास्टिकच्या साच्यात चाळीस बारपर्यंत दाब देऊन ओततात, सॅनिटरीवेअरचे मोठे कारखाने तसंच करतात, पण त्या यंत्राची किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

एक उलटसुलट वाटणारी गोष्ट: स्लरी जितकी चांगली सुटी, थर तितका हळू वाढतो, कारण कण दाट बसतात आणि पाण्याला वाट कमी राहते. लवकर जाड होणारी स्लरी चांगली, असं समजू नका.

११. भाग साच्यातून सुटत नाही. तेल किंवा ग्रीस लावू?

तेल लावलंत तर साच्याची तोंडं बंद झाली, तो साचा गेला. साचा बनवताना मास्टर पॅटर्नला (ज्यावरून साचा घेतात त्या मूळ नमुन्याला) साबण लावतात तो वेगळा विषय, आणि तोही नंतर नीट पुसावा लागतो.

भाग सुटायला वेळ द्या. थर थोडा सुकला की स्वतः आकसतो आणि भिंत सोडतो. तरीही अडकत असेल तर अमोनियम अल्जिनेटचं अगदी पातळ द्रावण साच्याच्या आतून फिरवून काढा. प्लास्टरमधल्या कॅल्शियमशी त्याची क्रिया होऊन बारीक जेलचा पापुद्रा बनतो, पाणी जाऊ देतो आणि भाग सोडतो. नव्या साच्यातला पहिला ओत मात्र फेकायचा म्हणूनच ओता, त्याच्याबरोबर साच्यावरचा मोकळा चुरा निघून जातो.

१२. भाजल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. भट्टीत घाण पडते का?

भट्टीला शिव्या देण्याआधी खड्डा भिंगाखाली बघा. आत गोल आणि गुळगुळीत असेल तर तो बुडबुडा. बॉल मिलमधून (आतल्या गोळ्यांनी स्लरी दळून मिसळणाऱ्या फिरत्या पिंपातून) काढलेली स्लरी तशीच ओतली की असं होतं. गाळून घ्या, मग व्हॅक्यूममध्ये फेस वर येऊन बसेपर्यंत ठेवा. फेस बसत नसेल तर ऑक्टॅनॉलचा एखादा थेंब. ओतताना धार बारीक, सलग आणि साच्याच्या कडेने. मध्ये थांबलात तर तिथे रेघ उमटते.

खड्ड्याची कड वेडीवाकडी आणि भोवती काचेसारखा डाग असेल तर तो प्लास्टरचा कण. त्यातला कॅल्शियम भट्टीत अॅल्युमिनाशी क्रिया करतो. नेहमी साच्याच्या कोपऱ्याशीच खड्डे येत असतील तर साचा म्हातारा झाला, नवा करा.

१३. भाजायच्या आधीच, सुकतानाच चिरा पडतात. का?

कारण एक बाजू आधी सुकली. पाणी जाताना कण जवळ येतात, आणि काठ आकसला पण पोट अजून ओलं असेल तर काठ फाटतो. एप्रिलमधली पुण्याची दुपार, कोरडी हवा आणि वर टेबलफॅन, याच्याइतका हमखास उपाय चिरा पाडायला दुसरा नाही. ओला भाग प्लास्टिकच्या डब्यात झाकून ठेवा, झाकण रोज थोडं सरकवा. आकसणं थांबलं, रंग फिका झाला, की मग वेगाने सुकवलं तरी चालतं.

चीर प्रत्येक वेळी त्याच जागी येत असेल तर हवेला दोष देऊ नका. आतला कोपरा काटकोनी असेल, गोलाई द्या. किंवा साच्याचा गाभा भागाला आकसू देत नसेल, तो लवकर काढा.

१४. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे. तीत भाजू का?

ती हजार-अकराशेची. तिथे खडू होईल, सिरॅमिक नाही. १६०० साठी मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्यांची भट्टी आणि बी टाइप थर्मोकपल लागतं. के टाइप तिथे टिकत नाही.

आमचं वेळापत्रक: ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक अंश, म्हणजे दहा तास. याच टप्प्यात उरलेलं पाणी आणि पॉलिमर निघतं, घाई केली तर भाग फुटतो. तिथून १६०० पर्यंत मिनिटाला तीन अंश, साडेपाच तास. वर दोन तास थांबायचं. एकूण साडेसतरा तास, मग भट्टी बंद करून आपोआप थंड.

आता गुरुवार. महावितरणची देखभाल आमच्या भागात गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी सहाला भट्टी लावली की ऐन शेवटच्या दोन तासांत गुरुवारचे साडेनऊ ते साडेअकरा येतात. शुक्रवारी सकाळी लावा. वर थांबलेलं असताना वीज गेली आणि भाग थंड झाला, तर तो पुन्हा भाजता येतो, एवढा दिलासा आहे. फक्त पुन्हा वर नेताना चढण हळू ठेवा.

भागाखाली भरड अॅल्युमिनाची भुकटी पसरा, म्हणजे आकसताना तो सरकू शकतो.

१५. भाग खरंच घन झाला हे घरच्या घरी कसं तपासायचं?

लाल शाई लावा, दहा मिनिटांनी धुवा. डाग राहिला तर पृष्ठभागाला उघडी भोकं किंवा चीर आहे. पण डाग गेला म्हणजे काम झालं असं नाही. घनता साधारण ९२ ते ९५ टक्क्यांच्या पुढे गेली की पोकळ्या आत बंद होतात, शाई तिथे पोचतच नाही.

खरी तपासणी आर्किमिडीजची. सुकं वजन, पाण्यात उकळून मुरवलेलं वजन आणि पाण्यात लटकवलेलं वजन. दशांश तीन स्थळांचा काटा आणि नायलॉनचा दोरा पुरतो. ३.९० च्या पुढे आकडा आला तर ९८ टक्के गाठलेत. ३.७ येत असेल तर तापमान वाढवण्याआधी भाजण्यापूर्वीच्या भागाची घनता मोजा. ती ६० टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

१६. सरळ नळी ओतली, वाकडी निघाली.

नळी आडवी भाजली असेल तर स्वतःच्या वजनाने वाकते, उभी टांगा. टांगूनही वाकत असेल तर भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजा. बहुधा साच्याचा एक भाग जास्त ओला होता.

१७. जेलकास्टिंग ऐकलंय. त्यात प्लास्टर लागतच नाही?

लागत नाही. स्लरीच्या पाण्यातच मोनोमर (एकमेकांना जोडून साखळ्या करणारे छोटे रेणू) विरघळवतात, ओतायच्या क्षणी सुरुवात करणारं रसायन घालतात आणि पाण्याचं जेल होऊन कण आहे तिथेच अडकतात. पाणी कुठे शोषायचंच नसल्यामुळे साचा धातूचा, काचेचा, थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या प्लास्टिकचा, काहीही चालतो, आणि जाडीला मर्यादा राहत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत ही पद्धत विकसित झाली. (प्रिंटरवर काढलेल्या साच्यात साधी स्लरी ओतून ‘थर का धरत नाही’ विचारणारे बरेच असतात. प्लास्टिक पाणी पीत नाही. प्रिंट मास्टर म्हणून वापरा आणि त्यावरून प्लास्टरचा साचा घ्या.)

अडचणी दोन. सुरुवातीचं मोनोमर अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे. नंतर मेथाक्रिलामाइड आलं, ते कमी घातक आहे, पण हातमोजे आणि खेळती हवा लागतेच. कॉलेजच्या मुलांनी आगरोजने करून बघावं: गरम असताना मिसळायचं, थंड झालं की घट्ट. दुसरी अडचण म्हणजे हवेतला ऑक्सिजन मोनोमरची क्रिया अडवतो, त्यामुळे उघडा पृष्ठभाग चिकट राहतो आणि सुकल्यावर त्याचे पापुद्रे निघतात. साचा झाका किंवा वरून नायट्रोजन सोडा.

१८. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा हवाय.

मग साचा विसरा, टेप कास्टिंग करा. सरकत्या फिल्मवर पातीने स्लरीचा सारखा थर ओढायचा, सुकला की कातड्यासारखा सोलून कापायचा. ग्लेन हॉवट यांनी १९४०च्या दशकात कपॅसिटरसाठी ही पद्धत आणली. त्यात बाइंडर (कण बांधून ठेवणारा पदार्थ) आणि प्लास्टिसायझर (थर लवचीक ठेवणारा पदार्थ) भरपूर लागतात, म्हणून भाजण्याची सुरुवात आणखी हळू. पुण्यात पाषाणला सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत यातलं काम चालतं, चौकशी तिथे करा. आम्ही करत नाही.

१९. झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड, अॅल्युमिनियम नायट्राइड हेही असेच ओतता येतात का?

झिर्कोनिया येते. तीन मोल टक्के इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) घातलेलीच घ्या. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना स्फटिकाची रचना बदलून फुगते आणि भाग आपोआप फुटतो. घनता सहाच्या वर असल्याने वजनाचा टक्का वाढतो: आकारमानाने ४५ टक्के म्हणजे वजनाने ८३. भाजायचं १४५० ते १५०० वर. मात्र ही झिर्कोनिया दोन-अडीचशे अंशांच्या वाफेत काही तास किंवा दिवस राहिली तरी पृष्ठभागापासून खराब होत जाते. बॉयलरच्या भागांसाठी कुणी मागितली तर आधी हे सांगा.

सिलिकॉन कार्बाइड पाण्यात ओतता येतो, पण घन करायला बोरॉन-कार्बन घालून निष्क्रिय वायूत २१०० अंशांच्या आसपास जावं लागतं. साध्या हवेच्या भट्टीचं ते काम नाही.

अॅल्युमिनियम नायट्राइड पाण्यात टाकू नका. ते पाण्याशी क्रिया करून अमोनिया सोडतं. मिलचं झाकण उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं, असा फोन आम्हाला आला आहे. मॅग्नेशियाही (मॅग्नेशियम ऑक्साइड) पाणी धरून फुगते. अशा पावडरी अल्कोहोलमध्ये किंवा दुसऱ्या द्रावकात चालवतात, आणि मग डिफ्लोक्युलंटपासून सगळा हिशेब नवा.

२०. तुटलेले कच्चे भाग परत स्लरीत टाकू शकतो का?

न भाजलेले, हो. साच्याला लागलेली बाजू खरवडून टाका, बाकीचं सुकवून मिलमध्ये पुन्हा दळा, नव्या पावडरीत दहा टक्क्यांपर्यंत मिसळा. त्यात जुनं डिफ्लोक्युलंट आहे हे धरून प्रश्न ५ मधली चाचणी पुन्हा करा. एकदा भाजलेलं परत येत नाही.

२१. धुळीचा, सांडपाण्याचा त्रास काय? स्लरी मोरीत ओतली तर चालते?

अॅल्युमिना विषारी नाही, पण इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाऊ देण्यात शहाणपण नाही. पावडर तोलताना एन-९५ मास्क लावा आणि शेड झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घट्ट होत असलेल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवू नका. ते चांगलंच तापतं, भाजतं.

मोरीत काहीच ओतू नका. प्लास्टर पाइपात बसतं आणि मग प्लंबर फरशी फोडतो. धुतलेलं पाणी पिंपात साठवा. चांगली स्लरी आठवडाभर बसत नाही, तीच तिची खुबी, पण पिंपात तो उपद्रव होतो. त्यात मोडीत काढलेल्या साच्याचे चार तुकडे टाकून ढवळून ठेवा. एरवी ज्या कॅल्शियमला घाबरतो तो इथे उपयोगी पडतो, कण गोळा होऊन सकाळपर्यंत गाळ तळाला बसतो. वरचं स्वच्छ पाणी पुढच्या धुण्याला वापरा, गाळ सुकवून पोत्यात भरा.